प्यूजोची पेपर मिल (मिरे दळायची हातगिरणी), आठ महिने वापरून, आणि तिच्यावरच्या सिंहाबद्दल

मिरपुडीसाठी एवढे पैसे कोण घालतं, हा प्रश्न घरात सगळ्यांनी विचारून झालाय म्हणून आधी तेच सांगते. साधारण पन्नास युरोच्या आसपास पडली. पॅरिस नावाचं मॉडेल आहे, २२ सेंटिमीटर उंच, बीचचं लाकूड, चॉकलेटी पॉलिश, बुद्धिबळातल्या प्याद्यासारखा आकार. आठ महिने रोज वापरतेय आणि मी तरी पुन्हा हीच घेईन. का ते सांगायचं तर मला करवतीपासून सुरुवात करावी लागेल, कारण या गिरणीवर जो सिंह आहे, तोच जो प्यूजोच्या गाड्यांवर असतो, तो मुळात गाडीचा नाहीच, करवतीचा आहे. आणि ते कळल्यावर मला ही वस्तू जास्त कळली, म्हणून हा रिव्ह्यू थोडा लांबणार आहे.

मी डोंबिवलीची. आमच्याकडच्या जुन्या लोकांना कल्याण-शीळ रोडवरचा प्रीमियरचा कारखाना आठवत असेल, आता तिथे प्रीमियर ग्राउंड म्हणून लग्नं आणि प्रदर्शनं असतात. तर नव्वदच्या दशकात या प्रीमियरने प्यूजोबरोबर भागीदारी केली होती आणि ३०९ नावाची गाडी इथे आपल्या घराजवळ बनायची. आमच्या सोसायटीत एका काकांकडे पांढरी डिझेल ३०९ होती. त्या गाडीच्या तोंडावर नुसत्या रेषेरेषेचा, मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला सिंह होता आणि मी शाळेतून येताना त्याच्यावरून बोट फिरवून पुढे जायचे. रोज. तेव्हा मला वाटायचं सिंह म्हणजे राजा, गाडी ताकदीची आहे असं सांगायला लावला असेल. पुढे १९९७ मध्ये प्यूजो भारतातून गेली, काकांनीही दोन-तीन वर्षांनी गाडी विकली, पण तो सिंह डोक्यात राहिला.

गेल्या वर्षी ऑफिसच्या कामासाठी तीन महिने स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला होते. तिथून फ्रान्सची हद्द अगदी लागून. नकाशा बघताना सोशो हे नाव दिसलं आणि लक्षात आलं की प्यूजोचं म्युझियम तिथेच आहे, ट्रेनने दोन-एक तासांत पोचण्यासारखं. ऑफिसमधला एक नाशिकचा मित्र तयार झाला आणि एका शनिवारी सकाळी आम्ही निघालो, म्यूलूझला गाडी बदलून बेल्फोरमार्गे माँबेलियार, आणि सोशो म्हणजे माँबेलियारला चिकटूनच आहे.

बेल्फोरला आम्ही मुद्दाम उतरलो, कारण तिथला सिंह बघायचा होता. किल्ल्याच्या खाली कड्याला टेकून लाल दगडाचा प्रचंड सिंह बसवलाय, २२ मीटर लांब आणि ११ मीटर उंच, न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा करणाऱ्या बार्तोल्दीने केलेला. १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाच्या सैन्याने या गावाला वेढा घातला होता, कर्नल दांफेर-रोशेरोने १०३ दिवस गाव लढवलं, त्याची ही आठवण, १८८० मध्ये पूर्ण झाली. सिंह चिडलाय पण झेप घेत नाहीये, पुढच्या पायांवर जोर देऊन उठायच्या बेतात आहे. मला फारच आवडला. आणि मित्र लगेच म्हणाला, बघ, प्यूजोचा सिंह इथूनच घेतलाय. मलाही पटलं. पंधरा-वीस किलोमीटरवर कारखाना, डोंगराएवढा सिंह समोर, आणखी काय पाहिजे. फ्रान्समध्येही बऱ्याच जणांना असंच वाटतं म्हणे.

पण ते चूक आहे. प्यूजोचा सिंह काढला गेला १८४७ मध्ये आणि तो रीतसर नोंदवला गेला २० नोव्हेंबर १८५८ ला. बेल्फोरचा वेढा पडला तेव्हा या सिंहाची नोंद होऊन बारा वर्षं झाली होती. नोंद झाली तेव्हा रस्त्यावर मोटार नव्हती, जर्मनीत बेन्झची पहिली गाडी यायला अजून सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं होती.

मग कशावर होता हा सिंह? करवतीच्या पात्यावर.

म्युझियमबद्दल थोडं सांगते कारण कोणी जाणार असेल तर उपयोगी पडेल. १९८८ मध्ये सुरू झालेलं आहे, जुन्या बिअरच्या कारखान्याच्या जागेत, आणि शेजारीच प्यूजोचा १९१२ पासूनचा सोशोचा कारखाना. गाड्या भरपूर आहेत, गाड्यांचा शौक असेल त्याचा दिवस मजेत जाईल. पण मी जिथे सगळ्यात जास्त वेळ उभी राहिले तो भाग गाड्यांच्या आधीचा आहे. करवती, रंधे, पटाशा, कॉफीच्या गिरण्या, शिवणयंत्रं, सायकली. माझा मित्र पुढे गाड्यांकडे निघून गेला आणि मी करवतींपाशी थांबले, कारण माझे आजोबा, आईचे वडील, सावंतवाडीजवळ सुतारकाम करायचे आणि माझ्या सगळ्या मे महिन्याच्या सुट्ट्या त्यांच्या भुश्श्यात गेल्यात.

गोष्ट अशी आहे. स्वित्झर्लंडच्या सीमेजवळ एरिमाँकूर नावाचं गाव, तिथे प्यूजो घराण्याची पाण्यावर चालणारी पिठाची गिरणी होती. १८१० मध्ये ज्याँ-पिएर आणि ज्याँ-फ्रेदेरिक या दोन भावांनी त्या गिरणीत पोलादाचं काम सुरू केलं. म्हणजे मुळात गिरणीवाले. पोलादाच्या पट्ट्या लाटायच्या आणि त्यापासून करवतीची पाती, घड्याळाच्या स्प्रिंगा बनवायच्या, हा सगळा मुलूख घड्याळवाल्यांचा आहे त्यामुळे स्प्रिंगांना गिऱ्हाईक दारातच. पुढे छत्रीच्या काड्या, बायकांच्या कॉर्सेटमधल्या पट्ट्या, घेरदार झग्यांच्या आतले सांगाडे. मी ही यादी वाचत होते आणि एकदम लक्षात आलं की या सगळ्या वस्तूंमध्ये एकच गुण विकला जातोय. वाकणारं आणि पुन्हा सरळ होणारं पोलाद. करवतीचं पातं, घड्याळाची स्प्रिंग, छत्रीची काडी, कॉर्सेटची पट्टी, सगळ्यांना तेच लागतं.

आजोबा बांद्याच्या बाजारात करवत घ्यायला जायचे तेव्हा मी एकदा बरोबर होते. दुकानदाराने चार पाती समोर टाकली. आजोबांनी एकेक पातं दोन्ही टोकांना धरून कमानीसारखं वाकवलं, सोडलं, एक डोळा मिटून कडेवरून नजर टाकली, मग नखाने टिचकी मारून आवाज ऐकला. तीन बाजूला ठेवली, चौथं घेतलं. मी विचारलं काय बघितलंत, तर म्हणाले, पाता वाकाक व्हया, वाकडा रवाक नको. दातांकडे त्यांनी शेवटी बघितलं. दात काय, कानशीने घासून परत करता येतात, पण पात्याचा कणाच गेला तर करवत गेली.

आता प्यूजोचा सिंह. दुसऱ्या पिढीतल्या ज्यूल आणि एमिल प्यूजोने माँबेलियारच्या जुस्तँ ब्लाझेर नावाच्या सोनाराकडून, नक्षी कोरणाऱ्या कारागिराकडून तो काढून घेतला. चार पायांवर चालणारा सिंह, बाजूने दिसणारा, आणि त्याच्या पायाखाली एक बाण. त्याचे अर्थ तीन, आणि तिन्ही करवतीचे. दात सिंहाच्या दातांसारखे कडक. पातं सिंहाच्या पाठीच्या कण्यासारखं लवचिक. आणि कापायचा वेग सिंहाच्या झेपेसारखा, सुटलेल्या बाणासारखा, म्हणून पायाखाली बाण. राजा नाही, पराक्रम नाही, युद्ध नाही, गिऱ्हाइकाला पातं हातात घेऊन जे तपासायचं असतं तेवढंच. सावंतवाडीचा एक सुतार आणि माँबेलियारचा एक सोनार, मध्ये दीडशे वर्षं, आणि दोघं पात्यात तेच बघतायत. मी त्या काचेसमोर बराच वेळ उभी होते, मला खरंच भरून आलं.

आणखी एक गोष्ट मला माहीत नव्हती. सिंह सुरुवातीला सगळ्या मालावर नसायचा. सर्वात वरच्या प्रतीच्या पात्यावर सिंह, खालच्या प्रतींना चंद्रकोर आणि हात अशा वेगळ्या खुणा. म्हणजे हा कंपनीचा लोगो नव्हता, प्रतीचा शिक्का होता, जसा हापूसच्या पेटीवर दर्जा लिहितात तसा. गिऱ्हाईक वाचू न येणारं असलं तरी चित्र ओळखेल आणि सिंह मागेल.

मग गाडीवर हा सिंह कधी आला? मला वाटलं होतं पहिल्या गाडीपासून असेल. तर नाही. आर्माँ प्यूजोने १८८९ मध्ये लेओं सेर्पोलेबरोबर वाफेवर चालणारी तीनचाकी केली, पुढे लगेच डाइमलरच्या पेट्रोल इंजिनवर चारचाकी, १८९१ मध्ये त्यातली एक गाडी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस सायकल शर्यतीच्या मागून पूर्ण रस्ता गेली, व्हालाँतिन्येच्या कारखान्यापासून सगळं मिळून दोन हजार किलोमीटरच्या वर. पण घरात मोटारींवरून एकमत नव्हतं. आर्माँला मोटारच करायची होती, चुलत भाऊ युजेनला हत्यारं, सायकली हा चालता धंदा सोडून त्यात पैसा घालायचा नव्हता, शेवटी १८९६ मध्ये आर्माँने मोटारींची वेगळी कंपनी काढली. वाटण्या झाल्या म्हणा ना. आणि सिंह राहिला हत्यारंवाल्या घरात! नंतर युजेनच्या मुलांनाही मोटारी कराव्याशा वाटल्या, त्यांनी १९०६ मध्ये आपल्या गाड्या काढल्या आणि नाव दिलं लिआँ-प्यूजो, म्हणजे सिंह-प्यूजो. अशी जवळजवळ पन्नास वर्षं करवतीवर राहिलेली खूण भाऊबंदकीमुळे, युजेनच्या पातीतून मोटारीवर आली. १९१० मध्ये दोन्ही घरं परत एक झाली. आपल्याकडे वाटणीत देव कुणाकडे आणि जमीन कुणाकडे यावरून जे होतं ते आठवलं, फक्त इथे शेवट गोड झाला.

आता गिरणीकडे येते, कारण म्युझियमच्या दुकानात मी गाड्यांची छोटी मॉडेलं बघायला गेले होते आणि बाहेर आले ती ही पेपर मिल घेऊन. प्यूजोने कॉफीची गिरणी १८४० मध्ये केली, मिऱ्याची १८७४ मध्ये, म्हणजे दोन्ही पहिल्या मोटारीच्या आधी. आजही ही गिरणी त्याच दू जिल्ह्यात, कँजे गावात बनते.

माझ्याकडे आधी एक मिल होती, कुठल्या कंपनीची ते जाऊ दे, सिरॅमिकच्या दातांची. ती आमच्या मिऱ्यांवर हरली. आमचे मिरे म्हणजे आजोळचे, पोफळीवर चढवलेल्या वेलाचे, अंगणात वाळवलेले. त्यात मोठे दाणे, बारके दाणे, अर्धवट पोचट, सगळं एकत्र असतं आणि तेल जास्त. त्या मिलमध्ये काही महिन्यांनी दाणे नुसते आत गोल गोल फिरायचे, मी फिरवत बसायची आणि खाली चिमूटभर पण यायचं नाही. मग परत खलबत्ता. खलबत्त्याला मी नावं ठेवणार नाही, वास त्याचाच सगळ्यात भारी, पण सकाळी डब्याच्या घाईत दोन ऑम्लेटांसाठी खलबत्ता काढून, कुटून, धुवून ठेवायला वेळ कोणाला आहे.

या गिरणीत काय वेगळं आहे ते मी उलटी करून टॉर्च मारून बघितलं. मधला फिरणारा भाग आणि बाहेरची स्थिर कडी, दोन्हीवर तिरके, पिळाचे दात आहेत. वरचे खाचे मोठे, ते दाणा पकडतात आणि खाली खेचत नेताना आधी त्याला फोडतात, मग खालचे बारीक दात त्याची पूड करतात. म्हणजे भरडणं आणि दळणं अशी दोन कामं एकाखाली एक. जात्यात पण तेच होतं, तोंडाशी भरडलं जातं आणि कडेपर्यंत जाईतो पीठ होतं, फक्त जात्याला दर थोड्या महिन्यांनी टाकी लावून घ्यावी लागायची. मिरे सटकत नाहीत कारण पिळाला दिशा आहे, तुम्ही फिरवाल तसा दाणा खालीच जाणार. बारका दाणा असो नाहीतर जाडा, धरला जातो.

आणि धातू. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मिऱ्याच्या गिरणीचं पोलाद केस हार्डनिंग केलेलं असतं. मी मेकॅनिकलची आहे म्हणून सोप्या शब्दांत सांगते. साधं पोलाद तापवून त्याच्या वरच्या पातळ थरात कार्बन मुरवतात आणि मग झटकन थंड करतात, त्यामुळे वरची कातडी काचेसारखी कडक होते आणि आतला गाभा मात्र चिवट राहतो. पूर्ण कडक केलं असतं तर एखादा खडा आला की दात टचकन तुटला असता, पूर्ण मऊ ठेवलं असतं तर वर्षभरात गुळगुळीत झाला असता. वर कडक, आत चिवट. आता परत तो सिंह बघा. दात कडक आणि कणा लवचिक! गिरणीला काही पातं नाही, ती कुठे वाकत नाही, त्यामुळे मला आधी वाटलं होतं की करवतीचा सिंह गिरणीवर उगाच आलाय, घराण्याचा आहे म्हणून. पण दोन्ही गुण तिथे आहेत, एकाच दातात, एकावर एक. ज्या दिवशी हे सुचलं त्या दिवशी मी ऑम्लेट करपवलं पण खूप खूश होते.

आता वापरातलं. तळाशी एक कडी आहे, ती फिरवली की सहा प्रकारची जाडी मिळते. सगळ्यात बारीकवर मऊभात-तुपावर घालायला, टोमॅटोच्या सारात, पोरांच्या उकडलेल्या अंड्यावर. मधल्यावर ऑम्लेट, काकडीची कोशिंबीर, पेरूच्या फोडी. सगळ्यात जाडवर काढा आणि मॅरिनेशन, म्हणजे मासे-चिकनला लावायला, तिथे मिरे पूड झालेले नकोतच, तुकडेच हवेत. बारीक आणि जाड यातला फरक खरोखर दिसतो, बऱ्याच मिलमध्ये सगळं मिळून खिचडीच येते, इथे बारीक म्हणजे बारीकच. पाव चमचा मध्यम पुडीला मला वीस-पंचवीस फिरक्या लागतात, मनगट दुखत नाही. आईला सत्तरीत संधिवात आहे, तिलाही जमतं, फक्त तिने दोन्ही हातांनी धरून फिरवायची हे सांगावं लागलं. आणि वास! तयार डब्यातली मिरपूड आणि ही, यांना एकच नाव का आहे असा प्रश्न पडतो.

काय करता येत नाही तेही ऐका. ही मसाल्याची गिरणी नाही. कोणी विचारेल की धणे-जिरं-लवंग एकत्र घालू का, तर नको, ही मिऱ्यासाठीच केलेली आहे, गोडा मसाला करायला मिक्सरच. पाण्याने धुवायची नाही, लाकूड आणि पोलाद दोन्हीला पाणी चालत नाही, कोरड्या फडक्याने पुसायची, आतून साफ करायची तर रिकामी करून उलटी आपटायची बस. गॅसशेजारी वाफेत ठेवू नका, विशेषतः आपल्या मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात, मी जून ते सप्टेंबर ती वापर झाला की लगेच कपाटात ठेवली आणि मिरे भरायच्या आधी थोडे ऊन दाखवून घेतले, ओलसर मिरे कुठल्याच गिरणीत नीट दळले जात नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, यात मीठ घालायचं नाही. मिठाने हे पोलाद गंजतं. मिठाची गिरणी वेगळी मिळते, तिच्या आतलं यंत्र स्टेनलेस स्टीलचं असतं, दातही वेगळे. दिसायला दोन्ही बहिणी सारख्याच त्यामुळे घरात दोन असतील तर खूण करून ठेवा. आपलं आगराचं जाडं मीठ मात्र तिच्यातही नको, ते ओलं असतं, कोरडं खडेमीठ किंवा सैंधव चालेल.

सिंहाबद्दल एक राहिलं, कारण मित्राबरोबर परतीच्या ट्रेनमध्ये यावरून बरंच बोलणं झालं. १९२० च्या दशकात रेडिएटरच्या टोपणावर शिल्पकारांनी केलेले धातूचे सिंह बसायचे, झेप घेणारे, डरकाळी फोडणारे, म्युझियममध्ये ते बघताना हात लावावासा वाटतो. १९४८ मध्ये २०३ गाडीवर उभा सिंह आला. हा मात्र करवतीवरचा नाही, तो फ्रांश-काँते प्रांताच्या राजचिन्हातला, निळ्यावर सोनेरी, मागच्या पायांवर उभा. म्हणजे डोंबिवलीच्या ३०९ वर मी बोट फिरवायची तो त्या राजचिन्हातल्या सिंहाचा वंशज, आणि करवतीवरचा चार पायांवर चालणारा सिंह वेगळाच. १९६० च्या सुमारास ढालीत नुसतं सिंहाचं डोकं आलं, मग पुन्हा उभा सिंह, आणि २०२१ मध्ये परत ढाल आणि डोकं. मित्राला हा नवीन फार आवडतो, रुबाबदार आहेच, काळ्या ग्रिलवर उठून दिसतो. पण मला तो पटत नाही. डोकं ठेवलं म्हणजे दात ठेवले, फार तर. कणा कुठे गेला? बाण तर कधीच गेला. ज्या घराने वाकून सरळ होणारं पोलाद विकून नाव कमावलं त्याच्या सिंहाला पाठ पाहिजे. मोबाइलच्या छोट्या आयकॉनमध्ये बसावा म्हणून डोकं घेतलं हे समजतं मला, तरी पण.

सोशोच्या फुटबॉल क्लबनेही सिंहच घेतलाय, १९२८ मध्ये प्यूजोनेच काढलेला क्लब, खेळाडूंना लिआँसो म्हणतात, सिंहाचे छावे. त्या भागात फिरताना किती ठिकाणी सिंह दिसतो ते मोजायला लागाल तर दमाल.

कोणी जाणार असेल तर बेल्फोर आणि सोशो एका दिवसात होतात, आधी बेल्फोर करा, सकाळचं ऊन त्या लाल दगडावर छान पडतं. म्युझियमला तीन तास ठेवा आणि सुरुवातीच्या हत्यारांच्या भागात घाई करू नका. मिल भारतातही ऑनलाइन मिळते, पण सिरॅमिकवाल्या आणि हुबेहूब दिसणाऱ्या भरपूर आहेत, म्हणून घेताना दातांचं यंत्र पोलादाचं आहे ना, तिरके पिळाचे दात आहेत ना ते उलटी करून बघा. दोघा-तिघांच्या घराला १८ सेंटिमीटरची पुरते, माझी २२ ची आहे आणि एकदा भरली की महिनाभर बघावं लागत नाही. ४० सेंटिमीटरची पण असते, ती हॉटेलवाल्यांनी घ्यावी, आपल्या मांडणीवर बसणार नाही.

आजोबांची बांद्याची करवत मामाकडे अजून आहे. यंदा मे महिन्यात गेले तेव्हा दोन्ही टोकांना धरून वाकवून बघितली. सोडल्यावर सरळ झाली. येताना दोन किलो मिरे आणले, त्यातले पाव किलो गिरणीसाठी बाजूला काढलेत आणि मामीने सांगितल्याप्रमाणे अजून चार उन्हं देणार आहे.